सात वारांची गल्ली

आमच्याकडे नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि गावावरूनही झाला नाही तर पाव्हणेरावळे. चहा संपेपर्यंत समोरच्याची सगळी कुळकथा हातात आलेली असते, आणि ती आल्याशिवाय चहा कुणाला गोड लागत नाही. हणमंत खोत यातलं काहीच विचारत नाही. तो पहिल्याच भेटीत माणसाला जन्मवार विचारतो.

मला त्यानं विचारला तेव्हा मी मशीनवर बसले होते. साताऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं शिवणकाम चालतं. खिडकी रस्त्यावर, मशीन खिडकीत, हात कापडावर आणि कान गल्लीत. हणमंत वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आला होता. पँट आखूड करायला घेऊन आला, ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आक्का, तुमचा जल्म कुठल्या वारचा?" मी म्हटलं, मला तारीखच धड माहीत नाही, मास्तरांनी शाळेत घातली तीच, वार कुठला सांगू? तो हटला नाही. तुम्ही झालात त्या दिवशी घरात काय चाललं होतं, कुणी कधी बोललं होतं का, असं खोदून खोदून विचारायला लागला. तेव्हा मला आठवलं, आई म्हणायची, तू झालीस तेव्हा घरात पाणी द्यायला कुणी नव्हतं, सगळी बाजाराला गेलेली. आष्ट्याजवळ आमची वाडी, आणि तिथला बाजार गुरुवारचा.

हणमंतचा चेहरा एकदम उजळला. "मग तुमी फुर्बा," तो म्हणाला. "आजपासनं फुर्बाआक्का." आणि पँटचं माप न देताच निघून गेला. मी मनात म्हटलं, चला, बिल्डिंगमध्ये एका वेड्याची कमी होती, तीही भरून निघाली.

आता त्याचा चेहरा सांगायला हवा, कारण त्याच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू होतात. हणमंतचे वडील शिराळा तालुक्यातले, फौजेत होते. दार्जिलिंगकडच्या डोंगरात त्यांची बदली झाली आणि तिथली बायको करून ते गावी परतले. पोराला नाव मिळालं आज्याचं, जीभ मिळाली शिराळ्याची आणि चेहरा मात्र आईनं आपलाच दिला. बारीक डोळे, बसकं नाक, वर आलेली गालफडं, आणि पन्नाशी आली तरी मिशीचा पत्ता नाही. डोळे मिटून ऐकलं तर उसाच्या बांधावरचा माणूस आणि डोळे उघडून पाहिलं तर बर्फातला. तो स्वतः म्हणतो, "आमचं इंजन शिराळ्याचं, बॉडी तिकडची. पार्ट मिळत न्हाईत."

एसटीत बसला की कंडक्टर त्याच्याशी हिंदीत बोलतो. एकदा एकानं विचारलं, शिराळ्यात काय काम काढलंत? हणमंत म्हणाला, "काम कसलं भाऊ, माझ्या वाटणीचा ऊस तुटाय आलाय." कंडक्टरनं तिकीट दिलं, पण उतरेपर्यंत त्याचा काही विश्वास बसला नाही. नागपंचमीला गावी गेला तर माइक घेतलेला एक पोरगा त्याच्यासमोर येऊन, परदेशी पाहुण्यांना आमचा सण कसा वाटला, असं इंग्रजीत विचारायला लागला. यानं शांतपणे सांगितलं की पाहुणा मी नाही, ही मागची चौथी गल्ली आमची, आणि बाळा, तू कुठला? पोरगा कराडचा निघाला. लग्नाचंही तेच झालं. स्थळं आली नाहीत असं नाही, पण हा मुलगी बघायला गेला की मुलीकडचे यालाच बघत बसायचे. शेवटी त्यानं तो नाद सोडला.

त्या लॉकडाऊनच्या वर्षात भाजीच्या गाड्यापाशी कुणीतरी त्याला चिनी म्हटलं. एरवी तोंडाळ असलेला हणमंत त्या दिवशी भाजी तशीच ठेवून घरी आला. मला त्याची इतकी कीव आली की मीच त्याच्याकडे आमटी पाठवली.

आणि अशा माणसानं आमची आख्खी गल्ली वारांत वाटून टाकली. कोपऱ्यावरचा रिक्षावाला अस्लम सोमवारचा, तो झाला दावा. समोरचे रिटायर सुभेदार शुक्रवारचे, ते पासांग. कुणी नीमा, कुणी मिंगमा, कुणी ल्हाक्पा, आणि दूधवाला शनिवारचा म्हणून पेम्बा. सुभेदार तर भडकलेच. म्हणाले, मी नेफ्यापासून लडाखपर्यंत नोकरी केली, मला काय शिकवतोस, ही शेर्पा लोकांची नावं आहेत. तिकडे पोर ज्या वारी होईल त्या वाराचं नाव त्याला ठेवतात. हणमंत म्हणाला, "मग बरोबरच हाय की. वाराला जात नसती, सुभेदार. वार सगळ्यांच्या दारावरनं जातोय." हे त्याचं लाडकं वाक्य. दिवसातून एकदा तरी ते कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडायचंच. सुभेदार आठवडाभर फुगून बसले आणि मग एक दिवस बाजारात ओळख करून देताना मी स्वतः त्यांना म्हणताना ऐकलं, "मला गल्लीत पासांग म्हणत्यात."

खरं सांगायचं तर मलाही ते नाव आवडायला लागलं होतं. आमचे हे होते तोवर 'अगं' म्हणायचे, मुलं आई म्हणतात, गिऱ्हाइकं काकू म्हणतात. मला नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. फुर्बा तर फुर्बा.

पण हणमंतचा एक विचित्र नियम होता. नाव नुसतं घ्यायचं नाही, हाक मारायची. फोनवर नाही, दारात येऊन नाही. रस्त्यातून, लांबून, गळा मोकळा सोडून. आमच्या बिल्डिंगसमोर त्यानं जागासुद्धा ठरवून दिली होती. कुणी हळू बोललं की त्याला राग यायचा. "त्ये काय कानात सांगाय लागलाय? डोंगरावरनं हाक मारल्यावानी मारा," म्हणायचा. एमआयडीसीत कारखान्याच्या स्टोअरमध्ये तो कामाला आहे. तिथून जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारायचा, आज सुभेदारांना कुणी हाक मारली का? मी म्हणायचे, तुला दुसरा धंदा नाही का रे? तो हसायचा आणि फोन ठेवायचा.

त्या ठरवून दिलेल्या जागेच्या बरोबर वर त्याची गॅलरी होती आणि गॅलरीत खुर्चीवर त्याची आई बसलेली असायची, हे मी रोज बघत होते. पण बघणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

म्हातारी लहानखुरी. डोक्यावर पदर शिराळ्याच्या बायकांसारखा आणि पदराखाली हणमंतचाच चेहरा, सुरकुतलेला. नवीन आली तेव्हा ती खाली माझ्याजवळ येऊन बसायची, ब्लाउजची काजं करून द्यायची. बोलणं पक्कं शिराळ्याचं, भाकरी माझ्यापेक्षा पातळ, पण माहेरचं काही विचारलं की तेव्हाही 'आठवत न्हाई' म्हणायची. मग ती खाली यायची थांबली. मग बोलायची थांबली. हणमंत कामावर गेला की त्यानं सोबतीला ठेवलेल्या रखमामावशी तिच्यापाशी असायच्या. त्या सांगायच्या, घास तोंडाशी नेला तरी म्हातारी तोंड उघडत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही.

एक दिवस हणमंत तिला दवाखान्यातून घेऊन आला, वर सोडून खाली आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिला. मी मशीन थांबवलं. मग त्यानंच सांगितलं. दवाखान्यात नर्सनं "सुमन खोत" असं पुकारलं. आई शेजारीच बसलेली, पण हलली नाही. हा म्हणाला, आई, आपला नंबर आला. तर तिनं मागं वळून पाहिलं, या माणसाची आई कुठं बसली आहे ते. हे सांगताना तो हसायला गेला आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"सुमन हे तिचं नावच न्हवं, आक्का," तो म्हणाला. "ते तांदळातलं हाय."

मला लगेच कळलं. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं आणि हसायचं. ताट उचललं की तांदूळ सपाट होतात, पण नाव बसतं. जुनं नाव त्यानंतर कुणी घेत नाही. इथं तर नवंही कुणी घेतलं नव्हतं. हणमंतचा बाप तिला 'अगं' म्हणायचा, आत्या 'वैनी', गाव 'फौजीची बायकू' आणि पुढं 'हणमंताची आई'. सुमन राहायची ती फक्त रेशनकार्डावर. जे नाव कधी कुणी उच्चारलंच नाही ते म्हातारीच्या डोक्यातून सगळ्यात आधी पुसलं गेलं, यात तिचा काय दोष?

मी विचारलं, मग आधीचं नाव काय होतं? हणमंतला माहीत नव्हतं. "आईला नाव असतंय ह्येच मला चाळिशीत कळलं," तो म्हणाला. बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्यांच्या फौजेच्या कागदावरही सुमनच. आईच्या माहेरच्यांनी लग्नानंतर संबंध तोडलेले, आणि गावाचं नाव विचारलं तर बाप नुसतं 'चहाच्या मळ्याच्या वर' म्हणायचा. मग हा शिराळ्याला आत्याकडे गेला, कारण तांदळात काय लिहायचं ते तिनंच ठरवलं होतं. आत्यानं त्याला पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, "आदीचं नाव कशाला इचारायचं रं? पोरगी आमची झाली न्हवं?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. माया करायची म्हणजे आपलं नाव द्यायचं, एवढंच तिला माहीत होतं.

एकच धागा उरला होता. हणमंत लहान असताना आई एकदा म्हणाली होती, आमच्या घरात सगळ्यांची नावं वारांची. स्वतःचा वार कुठला ते तिनं सांगितलं नव्हतं आणि यानं विचारलं नव्हतं.

"म्हंजे त्या सातांतलं एक आईचं हाय," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, अरे, मग सगळ्या गल्लीला कशाला कामाला लावलंस? समोर बसून सात नावं घे, ज्याला वळेल ते तिचं. त्यानं तेही करून पाहिलं होतं. ती नुसती बघत राहायची. "घरात बसून सांगितलेलं नाव तिला लागत न्हाई," तो म्हणाला. "लहानपणी नाव कसं येतंय कानावर? खेळत असतोय आपण, आन् कुणीतरी लांबनं हाक मारतंय. तशी आली तर आली. मी एकट्यानं किती जणांच्या आवाजात वरडू? म्हणून तुमास्नी नावं वाटली."

मला त्याच्याकडे बघवेना. माझंही नाव तांदळात बदललेलं. माहेरी मी मंदा होते, सासरी सुशीला झाले. पण आज कुणी खिडकीखाली उभं राहून "मंदे" अशी हाक मारली तर सुई कापडात तशीच ठेवून मी अनवाणी धावेन. मी हणमंतला म्हटलं, तू कामावर जा, गल्लीचं मी बघते.

मग मात्र मी कुणाला सोडलं नाही. अस्लमला हाक मारण्याऐवजी हॉर्न मारायची सवय होती, ती बंद केली. सुभेदारांनी तर हाकांची परेडच केली. सकाळी फिरून आले की कंबरेवर हात ठेवून गॅलरीखाली उभे राहायचे आणि एकेकाला पुकारायचे. काम नसताना हाका मारायच्या म्हणजे मोठी पंचाईत. "ओ दावा!" "काय?" "काय न्हाई." असा संवाद दिवसभर चालायचा. पलीकडच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, तुमच्याकडे कुठला पंथ आलाय का?

एकदा मी अस्लमला हाक मारली आणि वरून म्हातारी बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती तिच्या माहेरच्या भाषेत बोलली. सुभेदारांना तिकडच्या नोकरीमुळे ती थोडीफार येते. ते म्हणाले, ती म्हणते, दावा घरात नाही, पाण्याला गेली आहे. हणमंत घरी आल्यावर त्याला सांगितलं तर तो आनंदानं वेडाच झाला. बहीण असेल, नाहीतर मैत्रीण, कुणीतरी दावा होती हे नक्की, आणि ती पाण्याला गेली होती. आपल्याला एक मावशी आहे, हे त्याला पन्नाशीत कळलं.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. म्हातारी आणखी वाळत चालली. हणमंत वार विचारायचा थांबला. एका रविवारी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, आक्का. तिचं तिलाच आठवत न्हाई. लय उशीर केला मी." मी त्याला रागावले, पण माझाही धीर सुटत आला होता.

आणि एका दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ते झालं. सुभेदार सुनेचं ब्लाउज न्यायला आले होते. ते रस्त्यातूनच ओरडले, "फुर्बा, ओ फुर्बा!" मी तोंडातला दोरा काढून ओ देणार, तेवढ्यात वरून कुणीतरी ओ दिली. बारीक, लांबवलेली, खेळातून उठवल्यावर पोर देतं तशी. त्यातला शब्द मला कळला नाही, पण अर्थ कळायला भाषा लागली नाही. आले, आले. मी बाहेर धावले. म्हातारी खुर्चीतून उठून कठड्याला धरून उभी होती आणि खाली वाकून कोण हाक मारतंय ते शोधत होती.

मी हणमंतला फोन केला. कारखान्याच्या कपड्यांतच तो आला, गाडी आडवी लावली आणि गॅलरीखाली उभा राहिला. "मी हाक कशी मारू?" तो मला म्हणाला. "आईला नावानं?"

"हणमंता," मी म्हटलं, "वर आत्ता तुझी आई न्हाई. फुर्बा हाय. तिला हाक मार."

हे मी बोलून गेले, आणि बोलल्यावर मला कळलं की मी काय बोलले. त्यालाही कळलं. मग त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा आईला तिच्या नावानं हाक मारली. आवाज फाटला. पुन्हा मारली.

म्हातारी हसली. तिचं दात नसलेलं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिनं त्याला काहीतरी विचारलं. हणमंतनं सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार फौजेत राहिलेले, पण त्यांनी आधी चष्मा काढून पुसला.

"ती इचारतीया," ते शेवटी म्हणाले, "की घरच्यांनी तुला न्यायला पाठीवलंय का."

आमच्याकडे पंचमीला, दिवाळीला बाईला न्यायला माहेरचा माणूस येतो, मुराळी. मी स्वतः किती वर्षं उंबऱ्यात बसून भावाची वाट पाहिली आहे. या बाईला पन्नास वर्षांत न्यायला कुणी आलं नव्हतं. तिनं वाट पाहिली असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही कधी आलं नाही. मला रडू आवरेना.

"व्हय," हणमंत म्हणाला. "न्यायलाच आलोय. चल."

सुभेदारांनी ते तिच्या भाषेत सांगितलं. ती लगबगीनं आत गेली. रखमामावशींनी मागाहून सांगितलं, तिनं कपाटातून एक लुगडं काढलं, फणी घेतली आणि दोन्ही पिशवीत भरली. वर्षभरात जी आपणहून जिन्याकडे फिरकली नव्हती ती जिना उतरून खाली आली. हणमंतनं तिच्या हातातली पिशवी घेतली. दोघं गल्लीतून चालायला लागली. ती सारखी काहीतरी बोलत होती आणि तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. टोकाला गेल्यावर तो थांबला. तिथून पुढं तिला कुठं न्यायची हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्यानं तिला हळूच वळवलं आणि आले त्याच वाटेनं परत आणलं.

बिल्डिंगसमोर ती उभी राहिली. वर गॅलरीकडे, मग जिन्याकडे तिनं नीट पाहून घेतलं आणि बोट दाखवून काहीतरी विचारलं. सुभेदार सांगायला पुढं झाले, पण हणमंतला ते आपोआप कळलं असावं.

"व्हय," तो म्हणाला. "ह्येच घर."

तिनं पदर सावरला आणि त्याच्या आधी जिना चढायला लागली.